बायोलॉजीला आठ जण हवेत

माणसं पटवणं ही कला आपल्या अंगात जन्मजात आहे, असं प्रल्हाद आगटेचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. नागोयात येऊन त्याला सात वर्षं झाली होती, आणि गिअरबॉक्सच्या कारखान्यात आपण जपानी साहेबांना पटवून एक आख्खी लाइन उजवीकडची डावीकडे कशी करून घेतली, हे तो घरी येईल त्या पाहुण्याला ऐकवायचा. बायको उल्का चहा देता देता म्हणायची, "ती त्यांना हलवायचीच होती. तुम्ही नेमके तेव्हा बोललात." पण पाहुण्यांसमोर बायकोचं बोलणं कोण मनावर घेतो?

तर ९६ सालच्या ऑक्टोबरात केतकीनं शाळेतून एक कागद आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला. केतकी हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे आपल्याकडच्या दहावीला. पुढच्या दोन वर्षांसाठी विज्ञानाचे विषय निवडायचे होते. केमिस्ट्री सगळ्यांनाच. तिच्या जोडीला फिजिक्स किंवा बायोलॉजी. खाली सहीऐवजी पालकांचा शिक्का.

"किंवा?" प्रल्हादनं चष्मा वर केला. "किंवा म्हणजे काय? मेडिकलला दोन्ही लागतात."

"इथे बरेच जण नुसतं फिजिक्स-केमिस्ट्री घेऊनच मेडिकलला जातात, बाबा," केतकी म्हणाली.

"जात असतील. आपल्याला पुण्याला जायचंय. तिथे बायोलॉजीशिवाय दारात उभं करत नाहीत."

पुण्याचं सगळं ठरलेलं होतं. बारावी झाली की केतकीनं प्रल्हादच्या मोठ्या बहिणीकडे, वीणाताईकडे राहायचं आणि परदेशस्थांच्या जागेतून मेडिकलला जायचं. वीणाताईनं त्यासाठी वरची खोली रिकामी करून रंगवूनही घेतली होती. रंग कुठला हवा, हे तिनं फोनवर प्रल्हादला विचारलं होतं आणि प्रल्हादनं सांगितलं होतं, फिकट निळा.

"हाइ," केतकी म्हणाली आणि खोलीत गेली. हाइ म्हणजे हो. प्रल्हादच्या मते विषय संपला.

दुसऱ्याच दिवशी तो पुण्याच्या मेडिकल प्रवेशाच्या नियमांची फाइल घेऊन शाळेत हजर. केतकीचे वर्गशिक्षक मोरिता-सेन्सेई म्हणजे अत्यंत सज्जन माणूस. त्यांनी सगळी फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि म्हणाले, फिजिक्स आणि बायोलॉजी एकाच तासाला असतात, त्याला काही इलाज नाही. मात्र शाळा सुटल्यावर सातव्या तासाला वरच्या दर्जाचं बायोलॉजी ठेवायची सोय आहे. फक्त त्याला निदान आठ मुलं लागतात. गेली तीन वर्षं कोणीच आलेलं नाही.

"आठ?" प्रल्हादला हसू आलं. "एवढंच ना?"

घरी येऊन त्यानं कारखान्यातल्या पद्धतीनं तक्ता आखला आणि फ्रिजवर लावला. केतकीच्या वर्गात चाळीस मुलं. दहा जणांना गळ घातली तर दोन येतात, हा त्याचा पुण्यातल्या गणपतीच्या वर्गणीपासूनचा अनुभव. म्हणजे आठ हवे असतील तर चाळीसच्या चाळीस घरं गाठायला हवीत. आपलं सोडून एकोणचाळीस.

"पण त्यांच्या घरी जायचं काय निमित्तानं?" उल्कानं विचारलं.

"दिवाळी आहे की तोंडावर. फराळाचे डबे द्यायचे."

"एकोणचाळीस डबे?"

"तू करतेस चकल्या, मी लिहितो चिठ्ठ्या."

"वा. वाटणी छान झाली."

उल्का सुपरमार्केटच्या डबे भरायच्या विभागात अर्धवेळ काम करायची, आणि वर्गातल्या सहा-सात मुलांच्या आया तिथेच होत्या. आपण इथे मान खाली घालून शांतपणे भात भरतो, त्यात नवऱ्याचा हा प्रचार नको, असं तिला मनापासून वाटत होतं. पण प्रल्हाद एकदा पेटला की त्याला विझवायला अग्निशामक दलही कमी पडायचं. शेवटी आठ दिवस घरात सोऱ्या थंड झाला नाही. प्रल्हादही रात्रपाळी असल्यासारखा शंकरपाळ्या कातत बसला. तिखट बेतानं, तूप बेतानं, प्रत्येक डब्यात सहा चकल्या आणि मूठभर शंकरपाळ्या. वर प्रल्हादच्या हस्ताक्षरात, शब्दकोश उघडून लिहिलेली जपानी चिठ्ठी: हा आमचा दिव्यांचा सण. आमच्या मुलीला सातव्या तासाचं बायोलॉजी शिकायचं आहे. त्यासाठी आठ जण हवेत.

"बाबा, मला जरा बोलायचंय," केतकी एका संध्याकाळी म्हणाली.

"बोल ना. थांब, सदतीस, अडतीस... ही चकली मोडलीय, ही तू खा."

केतकीनं चकली खाल्ली आणि अभ्यासाला गेली.

डबे गेले. चार दिवस सगळीकडे सामसूम. पाचव्या दिवशी मोरिता-सेन्सेईंचा प्रल्हादला कारखान्यात फोन आला. आवाज नेहमीपेक्षा हळू.

"आगटे-सान, बायोलॉजीसाठी नावं आली."

"आठ झाली?"

"एकतीस."

प्रल्हादनं फोन ठेवला आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विनाकारण नमस्कार केला. एकतीस! त्या दिवशी घरी येताना तो केक घेऊन आला. ‘आहे की नाही कला?’ असा चेहरा करून दारात उभा राहिला. उल्कानं मात्र केक न उघडताच टेबलावर ठेवला. तिला कामावर डबे भरताना माएदा-सान नावाच्या बाईंनी सगळा खुलासा केला होता.

"अहो, इथे कोणी काही दिलं की परत काहीतरी द्यावं लागतं," उल्का म्हणाली. "तसं ठेवून घेत नाहीत. आता भारतीय घरात द्यायचं काय? हे लोक काय खातात, काय खात नाहीत, कुणाला ठाऊक नाही. सगळ्या आया काळजीत. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, काय हवं ते चिठ्ठीत लिहिलंच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मुलं दिली त्यांनी. फराळाची परतफेड."

प्रल्हादनं केककडे पाहिलं. "पण आली ना?" तो म्हणाला. "कारण काही का असेना."

कारण काही का असेना, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक सोळाच होते. सोळांच्या वर मुलं घेता येत नाहीत, असा नियम. आता खरी कोणाला गरज आहे, हे मोरिता-सेन्सेईंना दिसत नव्हतं थोडंच? पण एकीला झुकतं माप दिलं तर बाकी तीस घरांचा अपमान. त्यातून तीसही जणांनी अर्जात लिहिलेलं, ‘मला बायोलॉजीची मनापासून आवड आहे.’ खोटं म्हणणार कसं? मग शाळेनं सगळ्यांना पटेल असा एकमेव न्याय्य मार्ग काढला. जान्केन. आपली लहान पोरं खेळतात तेच, दगड-कागद-कात्री. हजेरीच्या क्रमानं पंधरा जोड्या, जोडीतला जिंकेल तो आत, आणि शेवटी उरलेली एक मुलगी आपोआप आत.

मुलीचं मेडिकल दगड-कागद-कात्रीवर ठरणार, हे ऐकून प्रल्हादला दोन रात्री झोप आली नाही. चूक त्याचीच होती, आणि ते कबूल करायला समोर कोणी नव्हतं, म्हणून तो स्वतःशीच कबूल करत होता. आठांवर थांबलो असतो तर? दहाच घरी डबे दिले असते तर? तिसऱ्या दिवशी त्यानं अर्धी रजा टाकली आणि शाळेच्या पाहुण्यांसाठीच्या, टाचा बाहेर राहणाऱ्या सपाता घालून प्रयोगशाळेबाहेर जाऊन उभा राहिला. दाराच्या काचेतून सगळं दिसत होतं.

केतकीची जोडी लागली मयुमीशी. मयुमी म्हणजे केतकीची जुनी मैत्रीण, घरी येऊन उल्काच्या हातचा वरण-भात खाणारी. तिला बेडकाचं चित्रसुद्धा बघवत नसे. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, हात मागे-पुढे झाले. मयुमीची कात्री. केतकीचा कागद.

मयुमी जिंकली आणि रडायला लागली. केतकीच तिची पाठ थोपटत होती. मोरिता-सेन्सेई बाहेर येऊन प्रल्हादसमोर इतके वाकले की प्रल्हादलाही तितकंच वाकावं लागलं, आणि दोघं बराच वेळ तसेच राहिले.

घरी जाताना केतकी सायकल हातात धरून चालत होती. प्रल्हाद शेजारून.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मी मधे पडलोच नसतो तर तुझी तू आठ जण गोळा केले असतेस. आता माझ्यामुळे नशिबावर आलं."

"नशीब नाही, बाबा," केतकी म्हणाली. "मयुमी पहिल्यांदा नेहमी कात्रीच काढते. चौथीपासून."

प्रल्हाद दोन पावलं पुढे गेला आणि मग थांबला. "मग तू कागद का काढलास?"

ती सायकलच्या घंटीवरून नुसता अंगठा फिरवत राहिली. "मला पुण्याला जायचं नाही. डॉक्टर व्हायचंय, पण इथे. इथे फिजिक्स-केमिस्ट्री चालतं, मी सेन्सेईंना सप्टेंबरातच विचारलं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. तुम्ही चकल्या मोजत होतात."

रस्त्यापलीकडे सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, दोघं तिथेच.

"तिथे आत्या आहे गं," प्रल्हाद म्हणाला. "आपली माणसं आहेत. इथे माझं काम संपलं की आम्ही जाणार परत."

"माहितेय." "पण बाबा, पेशंट समोर बसला आणि त्याला कुठे, कसं दुखतंय हे विचारायचं झालं, तर मला जपानीत चटकन विचारता येतं. मराठीत शब्द शोधावे लागतात. दुखणाऱ्या माणसानं किती वेळ थांबायचं?"

प्रल्हादला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, इतकं त्याला वाईट वाटलं. सात वर्षांपूर्वी हीच पोर शाळेतून रडत यायची, मला इथलं काही कळत नाही म्हणून, आणि तेव्हा तिला समजावताना त्यानंच सांगितलं होतं, की हेही आपलंच घर समज. मुलीनं एवढं एकच त्याचं ऐकलं होतं, आणि तेही पुरतं.

"आणि ती मयुमी?" त्यानं विचारलं. "आणि बाकीचे पंधरा?"

"ते शिकतील ना बायोलॉजी," केतकी म्हणाली. "दोन वर्षं."

रविवारी वीणाताईचा फोन आलाच.

"काय रे प्रल्हाद, मिळालं ना बायोलॉजी? खोलीला पडदे शिवायला टाकतेय."

"ताई, पडदे राहू देत," प्रल्हाद म्हणाला. "केतकी तिकडे येणार नाही म्हणते. इथेच शिकायचं म्हणते."

मग वीणाताई म्हणाली, "म्हणते म्हणजे? आणि तू? तू तिला पटवलं नाहीस?"

प्रल्हादनं बोलायला तोंड उघडलं. दाराशी उल्का उभी होती, टेबलापाशी केतकी फिजिक्सचं पुस्तक मिटून त्याच्याकडे बघत होती. त्यानं रिसीव्हर केतकीच्या हातात दिला, आणि ती काय बोलते ते अगदी शेवटपर्यंत, मधे एक शब्दही न घालता, ऐकत उभा राहिला.