हार्लनकाकांना पोचवताना

"पिकर्ड जिल्ह्यात मला ठाऊक नाही असा एकही रस्ता नाही!" मुलाखतीत मी शेरीफ ओडेल क्रिस्प यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. थाप नव्हती ती. नऊ वर्षं याच रस्त्यांवरून मी ट्रकनं कोंबड्यांचं खाद्य पोचवत होतो. डोळे मिटूनसुद्धा गाडी चालवली असती. आणि घात झाला तो त्यामुळेच!

शेरीफच्या हाताखालचा पोलीस, म्हणजे डेप्युटी, म्हणून माझा पहिला दिवस. नवाकोरा गणवेश, छातीवर बिल्ला. निघताना बायकोनं, नडीननं, बजावलं, "व्हर्लिन, वर्षभर नोकरी कच्ची आहे. गोदामातली तुझी जागा भरलीय. उगाच अक्कल पाजळू नकोस!"

शेरीफसाहेबांनी काम दिलं अगदी सोपं. "हार्लन पकेट गेले. चर्चपासून दफनभूमीपर्यंत शवगाडीच्या पुढे राहायचं. ताशी वीस मैल. दिवा लावायचा, भोंगा नाही. त्यांच्या बायकोनं, एस्टेलकाकूंनी, एक जरी तक्रार केली, तर उद्या येऊ नकोस!"

निघालो. माझ्या मागे शवगाडी, तिच्या मागे एस्टेलकाकू आणि पाद्रीबुवा एका गाडीत, आणि त्यांच्यामागे दिवे लावलेल्या चाळीस गाड्या. ऐटीत पेट्रोल पंपापर्यंत आलो. दफनभूमी उजवीकडे. पण वार होता बुधवार! दर बुधवारी मी खाद्याचा ट्रक घेऊन पंपापाशी डावीकडे वळत आलो होतो. नोकरी बदलल्याचं हातांना कोण सांगणार? वळले डावीकडे!

मैलभरानं माझ्या लक्षात आलं आणि दरदरून घाम फुटला. रस्ता एवढा अरुंद, की शेळीलाही मागे-पुढे करून वळावं लागावं! जरा कुठे रुंद जागा दिसावी, तर तिथे नेमकी समोरून येणारी गाडी बाजूला घेऊन, टोपी छातीशी धरून कुणीतरी उभं. आमच्याकडे अंत्ययात्रा दिसली की समोरचा थांबतोच. लोकांना हार्लनकाकांबद्दल इतका आदर, की मला वळायला वीतभर जागा मिळेना!

वायरलेसवर ऑफिसातल्या लोरीनबाई बोलल्या. "व्हर्लिन, कबर खणणारे विचारताहेत, कुठे आहेस?"

"वाटेत!"

"कुठल्या?"

मी वायरलेस बंद केला.

एवढ्या गाड्या वळवता येतील अशी जागा एकच, ह्युबर्ट बार्लोचं अंगण. आणि हा ह्युबर्ट म्हणजे एका शिकारी कुत्र्यावरून हार्लनकाकांशी सतरा वर्षं अबोला धरलेला माणूस. 'हार्लनच्या मयताला मी पाऊल टाकणार नाही,' असं त्यानं भर चर्चमध्ये जाहीर केलं होतं!

मी शिरलो. मागोमाग शवगाडी शिरली. कोंबड्या दाही दिशांना उधळल्या. अंड्यांची टोपली घेऊन ह्युबर्ट बाहेर आला, शवगाडी बघून जागीच थिजला. टोपली हातातून सुटली.

"हार्लन! अरे, मी येत नाही म्हणालो म्हणून तूच आलास?" आणि गडी ओक्साबोक्शी रडायला लागला.

मी चूक कबूल करायला उतरलो, तर एस्टेलकाकूंनी काच खाली केली.

"व्हर्लिन, रस्ता चुकलास ना?"

"हो, काकू."

"मग तोंड मिटून उभा राहा! सतरा वर्षांनी पाझर फुटलाय त्याला. बुवा, उतरा खाली, काहीतरी बोला!"

पाद्रीबुवांनी 'हार्लनची अखेरची इच्छा' यावर दहा मिनिटं असं काही प्रवचन ठोकलं, की मलाही रडू आलं.

मग परतायला म्हणून मी कोठाराला वळसा घातला. तोवर रांगेचं शेपूट अंगणात शिरलं होतं. त्या शेवटच्या गाडीच्या मागे मी, माझ्या मागे शवगाडी. रांग गोल झाली! आणि अंत्ययात्रेची रांग तोडणं म्हणजे आमच्याकडे महापाप. जो तो पुढच्याच्या मागे! चौथ्या फेरीला पाद्रीबुवा खिडकीतून डोकं काढून ओरडले, "व्हर्लिन, गाडायचंय रे त्यांना, गरगर फिरवायचं नाहीये!"

शेवटी ह्युबर्टनंच ट्रॅक्टर आडवा घातला. "या माझ्या मागे! दोस्ताला मीच पोचवणार!"

दीड तास उशिरा, ट्रॅक्टरच्या मागे दिवा लावून, मी दफनभूमीत पोचलो.

संध्याकाळी शेरीफसाहेबांनी बोलावलं. मी बिल्ला आधीच काढून हातात धरला होता.

"लाव तो परत," साहेब दात-ओठ खात म्हणाले. "एस्टेलकाकूंचा फोन होता. म्हणे, असा पोरगा मिळायला जिल्ह्याचं भाग्य लागतं! शेरीफपदाची निवडणूक तोंडावर आलीय, तुला काढायची सोय राहिली नाही. पण गाडीची किल्ली आण इकडे! उद्यापासून कोर्टात. खटल्याचा निकाल देणाऱ्या ज्युरीतल्या बारा जणांना दुपारी जेवायला न्यायचं आणि परत आणायचं. खटल्यातल्या कुणाशी त्यांची गाठ पडता कामा नये. पायी! दोन गल्ल्यांवर खानावळ आहे."

नोकरी टिकली! नडीननं त्या आनंदात पीचचा केक केला.

दुसऱ्या दिवशी बाराही जण ओळीनं माझ्या मागे निघाले. एक वळण जरा आधीच घेतलं गेलं, कबूल. पण एक खानावळ मिळालीच. तळलेलं चिकन फक्कड, आणि मालकीणबाई इतक्या मायाळू, की सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. एवढ्याशा गोष्टीवरून न्यायाधीशांनी तीन दिवस चाललेला खटला पहिल्यापासून चालवायला लावावा? ती बाई आरोपीची सख्खी आई आहे, हे काय मला तिनं आधी सांगितलं होतं?