दाजींचं तिसऱ्यांदा सांगणं

आमच्या शेजारचे दाजी 'चाय नको' हेसुद्धा तीनदा सांगतात, आणि तिसऱ्यांदा सांगेपर्यंत त्यांचा कप रिकामा झालेला असतो.

"नको गो, चाय नको," हे पहिलं, पायरीवर चप्पल काढताना. "चाय नको म्हणतंय मी," हे दुसरं, खुर्चीत टेकताना. आणि "तुका सांगलंय मा, चाय नको?" हे तिसरं, मिशी पुसताना.

नव्या माणसाला वाटतं, म्हातारा विसरतो. छे! कुणाच्या आजोबांनी कुणाची म्हैस कोंडवाड्यात घातली होती, तेसुद्धा दाजींना पाठ. तीनदा सांगणं हे त्यांचं शास्त्र आहे. लग्न होऊन मी या गावात आले, त्याच आठवड्यात कुंपणापलीकडून मला त्याचा पहिला धडा मिळाला.

"पयल्यांदा सांगलंस तर कानार पडता. दुसऱ्यांदा सांगलंस तर डोक्यात जाता. आणि तिसऱ्यांदा सांगलंस काय समोरच्याक वाटता, ह्या माकाच सुचला! मगे तो करता. समाजला?"

"समाजला."

"आता आणखी दोनदा म्हण."

हसू नका. या शास्त्रावर आमच्या व्हाळावरच्या साकवाला, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाला, दिवा मिळालाय. कित्येक वर्षं अर्ज फिरत होते. शेवटी दाजी ग्रामसभेत उभे राहिले. धोतराचा सोगा सावरला, घसा खाकरला.

"जत्रेक पावणे येतत, साकवार दिवो नाय. बाळंतपणाक बाईमाणूस न्हेवची लागता, साकवार दिवो नाय. आणि सरपंचानू, तुमी स्वतः गेल्या अवसेक खंय पडलात? साकवार! कित्याक?"

"साकवार दिवो नाय!" अख्खी सभा ओरडली. विरोधी पार्टीवालेसुद्धा.

सरपंच सभेत नेहमी शुद्ध मराठी बोलतात. ते उठून म्हणाले, "साकवावर दिवा लावण्याची कल्पना माझ्या मनात कधीपासूनच होती."

दाजींनी वळून माझ्याकडे असं काही पाहिलं की मला पदर तोंडाला लावावा लागला. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

त्या माई. दाजींची बायको.

आता हे 'व्हय म्हाराजा' नीट सांगायला हवं. आमच्याकडे कुठलंही शुभकार्य देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. नारळ ठेवायचा, एकाने देवाला मोठ्याने सांगायचं आणि जमलेल्यांनी त्याच्या प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार द्यायचा. होकार नसेल तर गाऱ्हाणं लुळं पडतं. गावात गाऱ्हाणं घालावं ते दाजींनीच. देवापुढेही तेच शास्त्र. इडापीडा टाळ म्हणून एकदा सांगून सोडून देणारा हा गडी नव्हे. देवालासुद्धा शेवटी वाटत असेल, हे आपल्यालाच सुचलं.

माई मात्र हा होकार घरीसुद्धा वापरायच्या. दाजी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, बसून बोलत आणि माई चुलीकडून जोड देत. "आज सोलकढी कर गो." "व्हय म्हाराजा." "पाऊस येतलो, लाकडा भितर घे." "व्हय म्हाराजा." कुंपणापलीकडून मला सूर ओळखू यायला लागले होते. तोडून म्हटलं तर सगळं ठीक. काहीच उत्तर नाही म्हणजे भांडण. आणि शेवट लांबवून "व्हय म्हाराजाऽऽऽ" आलं की त्याचा अर्थ, 'पुरे झाला, आता गप रवा.' आणि ग्रामसभेत न आवरणारा हा माणूस त्या एका लांबलेल्या सुरावर खरोखर गप्प बसायचा.

गेल्या वर्षी शिमगा सरला आणि माईंना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले. काठी घेऊन अंगणात येऊ लागल्या. पण वाचा गेली ती गेलीच. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, एकेक शब्द पुन्हा पुन्हा म्हणून घ्या, निघेल तोंडातून.

"बघलंस?" दाजी मला म्हणाले. "डॉक्टरान माझाच काम माका दिल्यान."

दुसऱ्या दिवसापासून खळ्यात शाळा सुरू झाली. "पाणी. पाणी. पाणी. म्हण गो." माई त्यांच्या ओठांकडे बघत. तोंड हलायचं, आवाज फुटायचा नाही. "भात. भात. भात." काही नाही. मी वाल वाळत घालायच्या निमित्ताने कुंपणाशी जायची आणि माझंच तोंड आपोआप हलायला लागायचं. एकदा माईंनी रागाने पाण्याचा तांब्या उलथला आणि तोंड फिरवून रडत बसल्या. मला फार वाईट वाटलं हो. बाईला सगळं कळत होतं, फक्त म्हणता येत नव्हतं.

त्या दिवसानंतर शाळा बंद झाली. दाजी आमच्याकडे आले, मी चहा ठेवायला उठले, तर म्हणाले, "चाय नको."

मी वाट बघत राहिले. दुसऱ्यांदा म्हणालेच नाहीत. आणि चहा खरोखरच प्यायले नाहीत.

मग गावातही कळलं, दाजी सगळं एकदाच सांगतात. मासेवाली, जी त्यांना म्हणायची, "दाजीनू, तीनदा सांगा नायतर तेरा वेळा, बांगडो तेवढ्याकच मेळतलो," ती बिचारी टोपली तशीच धरून विचारायची, "आज घासाघीस करूची नाय?" गाऱ्हाणं घालायलाही ते नको म्हणू लागले. "देवाक सांगान सांगान माझो शब्द झिजलो गो," म्हणाले. "घरच्या एका माणसाक बोलता करूक येणा नाय, आणि देवाक काय सांगू?"

नेमक्या त्याच दिवसांत आम्ही मागच्या बाजूला पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. उद्घाटनाला गाऱ्हाणं हवं. नवरा म्हणाला, दुसऱ्या कुणाला तरी सांगू. मी म्हटलं, थांबा.

सकाळी दाजींकडे गेले. "दाजीनू, गाऱ्हाणा तुमीच घालूक व्हया."

"नाय."

दुपारी फणसाची भाजी घेऊन गेले. "गाऱ्हाणा तुमीच घालूक व्हया."

"तुका एकदा सांगलंय."

दिवेलागणीला भांडं परत आणायला गेले. "दाजीनू, गाऱ्हाणा..."

"गप रव," दाजी म्हणाले आणि माईंकडे वळून बघितलं. मग म्हणतात, "मी काय म्हणतंय, तुझ्या खोल्यांचा गाऱ्हाणा मीच घालतंय. दुसरो कोण येडावाकडा घालीत."

"बरा सुचला तुमका," मी म्हटलं आणि भांडं उचलून पळाले.

उद्घाटनाला आमच्या खळ्यात गाव जमला. माईंना मी पुढेच खुर्ची दिली होती. दाजींनी नारळ ठेवला, हात जोडले. आवाज गंजलेला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या लेकरान तुझ्या पायाशी नारळ ठेवलो हा!"

"व्हय म्हाराजा!"

"येणाऱ्या पावण्याक सुखात ठेव!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, मागाहून एकटाच, जाडसर, ओला आवाज आला.

"व्हय... म्हाराजा."

दाजी वळले. माई स्वतःच दचकल्या होत्या, हात तोंडावर गेला होता. दाजी पुन्हा देवाकडे वळले.

"येणाऱ्या पावण्याक... सुखात ठेव!"

या वेळी गावातलं कुणीच काही म्हणालं नाही. "व्हय म्हाराजा," माई एकट्याच म्हणाल्या.

मग काय! दाजी सुटले. माझ्या खोल्या राहिल्या बाजूला. सरपंचाच्या गुडघ्याक आराम दे, व्हय म्हाराजा. साकवाचो दिवो जळत ठेव, व्हय म्हाराजा. शेजाऱ्याच्या म्हशीक पारडी दे, व्हय म्हाराजा. मासेवालीक चार बांगडे जास्त दे, व्हय म्हाराजा. संपलं की पुन्हा गुडघ्यापासून. आत वडे थंड होत होते, आंबोळ्या चिवट होत होत्या, आणि कुणीही, अगदी माझा नवरासुद्धा, 'आवरा' म्हणाला नाही. आम्ही सगळे रडत होतो आणि हसतही होतो.

तिसऱ्यांदा गुडघ्याची पाळी आली तेव्हा खुर्चीतून ऐकू आलं, "व्हय म्हाराजाऽऽऽ."

शेवट चांगला लांबवलेला. तोच सूर. कुंपणापलीकडून कित्येक वर्षं ऐकलेला.

दाजी थांबले. उपरण्याने डोळे पुसले आणि खुर्चीपुढे जाऊन उकिडवे बसले.

"गप रवतंय गो," ते म्हणाले. "गप रवतंय."

तिसऱ्यांदा दाजींचे ओठ हलले, पण आवाज काही फुटला नाही. माईंनी मान हलवली. त्यांना ऐकू आलं होतं.