सोनपापडीचा ताबा

सिरसाळ्याच्या गहिनीनाथाला एका गोष्टीची पक्की खात्री होती. वकिलाला जे जमलं नाही, ते करडू करून दाखवणार! घटस्फोट झाल्यापासून त्याची लेक ऋतुजा तेलगावला आईपाशी, विजयमालाकडं राहत होती. गहिनीनाथाच्या वाट्याला आला होता एकाआड एक रविवार, तोही सकाळी आणायचं अन् दिवस मावळायच्या आत पोचवायचं. आता उन्हाळ्याच्या सुट्टीचा विषय कोर्टात निघाला, तेव्हा जज मॅडम म्हणाल्या की पुढच्या तारखेला पोरीलाच विचारू. बस, तेवढंच पाहिजे होतं. सबंध सुट्टी पोरगी घरात, ह्या नुसत्या विचारानं गडी कामात गाणं म्हणायला लागला.

शेळ्या राखण्यात जन्म गेलेला माणूस. त्याचं डोकं चालून चालून चालणार कुठं? गोठ्यात! नुकत्याच व्यालेल्या काळ्या शेळीचं गोजिरवाणं करडू त्यानं रविवारी ऋतुजाच्या मांडीवर ठेवलं. पोरीनं त्याचं नाव ठेवलं सोनपापडी. दिवसभर ती त्याला सोडायला तयार होईना. जेवली पण त्याच्याच शेजारी बसून. गहिनीनाथानं आईला, छबुबाईला, डोळा मारला. आता बघ, पोरगी कोर्टात आपणहून सिरसाळ्याचं नाव घेती का न्हाई. छबुबाई म्हणाली, तुझे बेत मला लगीन ठरल्यापासून माहीत हायेत.

संध्याकाळी तेलगावला निघायच्या वेळी ऋतुजानं भोकाड पसरलं. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? रडू दिलं असतं, म्हणजे ती पुढच्या खेपेला पळत आली असती. पण गहिनीनाथाला वाटलं, पोरगी आपल्यासाठीच रडतेय. त्याची छाती फुगली, डोळे भरले, अन् त्या भरात त्यानं करडू उचलून पोरीच्या हातात दिलं. घरी परत येईपर्यंत तो स्वतःवर लई खूश होता.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला विजयमालाचा फोन. करडू बाटलीला तोंड लावत नव्हतं, सारखं ओरडत होतं, अन् त्याच्या जोडीला ऋतुजाही रडत होती. तसं बघितलं तर ही देवानं दिलेली संधी होती. करडू परत पाठव, एवढंच म्हणायचं होतं. पण शेळ्यांचा विषय निघाला की ह्या गड्याला शहाणपण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

"अगं, बाटलीनं कसं भागंल?" तो मोठ्या तोऱ्यात म्हणाला. "एवढ्या लहान जिवाला आईपासून कधी तोडू नये."

फोनमधून करडाचं ओरडणं ऐकू येत होतं.

"माझा वकील कोर्टात हेच सांगत होता," विजयमाला म्हणाली. "तवा कावून पटलं न्हाई तुमाला?"

गहिनीनाथानं फोन ठेवला. मालवाहू रिक्षा केली, काळी शेळी तीत चढवली अन् तेलगावला नेऊन विजयमालाच्या अंगणात बांधली. वर छबुबाईला समजावलं की आपली शेळी त्यांच्या दारात म्हणजे आपलाच पाय त्यांच्या दारात. छबुबाईनं बिनदुधाचा चहा त्याच्यापुढं ठेवला.

तारीख आली. जज मॅडमनी ऋतुजाला जवळ बोलावून गोडीनं विचारलं, सुट्टीत कुणापाशी राहायचं?

"सोनपापडीपाशी," ऋतुजा म्हणाली.

गहिनीनाथ ताडकन उभा राहिला. वकील त्याचा सदरा ओढत होता, पण हा कुठला ऐकतोय! सोनपापडी म्हणजे आपलंच करडू हाय, आपणच दिलंय, आपल्याच गोठ्यात जन्मलंय, असं सगळं त्यानं एका दमात सांगून टाकलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"आता कुठं आहे ते करडू?"

त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला.

"तेलगावला," गहिनीनाथ म्हणाला. "त्याच्या आईपाशी."

सुट्टीचा निकाल तिथंच लागला. मघाचा उभा राहिलेला गडी खाली बसला, अन् बसल्यावर त्याला कळलं की आपल्याला रडू येतंय. सुट्टीसाठी त्यानं घर सारवून ठेवलं होतं, पोरीसाठी नवी चादर आणली होती. ऋतुजा त्याच्याकडं बघत होती. मग विजयमाला उठली. ती शेळी माणसाला जवळ येऊ देत नाही, धार काढायला गेलं की लाथा घालते, घरातल्या सगळ्यांनी मार खाऊन झालाय, असं तिनं खाली बघत सांगितलं. सुट्टीभर सकाळ-संध्याकाळ ह्यांनी येऊन धार काढावी, अन् मग बसावं पोरीपाशी, हवा तेवढा वेळ. मॅडमनी ते लिहून घेतलं. ऋतुजानं टाळ्या वाजवल्या.

बाहेर आल्याबरोबर छबुबाईचा फोन आला. निकाल काय लागला म्हणून विचारत होती. गहिनीनाथानं घसा खाकरला.

"लेकरू आईपाशी, करडू आईपाशी," तो म्हणाला. "मी फकस्त शेळीला पाहिजे हाय."