बाबांचं गाव कंपाइल करताना

सूचना नीट वाचल्या तर जगात काहीही जमतं, असं मी त्या दुपारी आईला सांगितलं. माझं पोटच वाचण्यावर आहे. मी मुद्रितशोधक आहे. लोकांनी लिहिलेल्या चुका वाचकांनी गाठायच्या आत मी गाठते. तेव्हा कुणीतरी पायरीपायरीने लिहून ठेवलेलं वाचून एक सर्व्हर उभा करायचा, त्यात काय मोठंसं, असा माझा सूर होता.

"संध्याकाळपर्यंत होईल ना?" आईने विचारलं.

"चहाच्या आत होईल."

कितव्या चहाच्या, ते मी सांगितलं नाही.

प्रकरण असं होतं. माझे वडील पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आणि ठोकळ्यांनी घरं-गावं बांधायच्या एका खेळात शिरले. घरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी त्या खेळाचा स्वतःचा सर्व्हर चालवला, त्यावर गाव वसवलं, आणि खात्यातली निम्मी माणसं, धाकटे काका व आमचे दातांचे डॉक्टर तिथे जवळजवळ राहायलाच गेले. मूळ खेळात नसलेलं काही आपल्या पदरचं घालायचं, तर एक जोडव्यवस्था लागते. अशा घरगुती भरीला मॉड म्हणतात. बाबांचा मॉड म्हणजे वेशीवरचा रखवालदार. येणाऱ्याला ओळखून तो बाबांनी त्याच्यासाठी लिहिलेलं वाक्य बोलायचा; डोक्यावर अक्षरं उमटायची. काकांना, "उशिरा आलास, पण आलास." डॉक्टरांना, "इथे कुणाचं काही उपटायचं नाही."

बाबांनी आईच्याही नावाने खातं उघडून ठेवलं होतं. "तुमच्या त्या ठोकळ्यांत माझं काय काम?" म्हणत ती कधी गेली नाही. आता बाबा नव्हते, आणि तिला जायचं होतं. त्या गावातला त्यांचा अर्धवट राहिलेला पूल मंडळींनी पुरा केला होता, तो संध्याकाळी तिच्या हस्ते खुला व्हायचा होता. पूल हे निमित्त. रखवालदार आपल्याला काय म्हणतो, ते तिला ऐकायचं होतं.

आणि मी आदल्या दिवशी त्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसताना, 'खेळ अपडेट करायचा का?' या प्रश्नाला सभ्यपणे 'हो' म्हटलं होतं. खेळ नवा झाला, जोडव्यवस्था जुनी राहिली, आणि वाटणीनंतरच्या भावांसारखं दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. नव्या खेळाला चालेल अशी तयार जोडव्यवस्था अजून आली नव्हती. तिचा सोर्स कोड तेवढा मिळत होता, म्हणजे माणसांनी लिहिलेला मजकूर. तो आपल्या घरी कंपाइल करायचा, की यंत्राला चालवता येईल असं काही तयार होतं. थोडक्यात, हस्तलिखितावरून पुस्तक. म्हणजे माझंच क्षेत्र.

मी कोड उतरवून घेतला, बाबांच्या रखवालदाराची फाइल त्यात ठेवली आणि आज्ञा दिली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या. मग लाल.

मी डॉक्टरांना फोन लावला. गावात ते बाबांचे उपसरपंच होते.

"आ करा," ते म्हणाले. खुर्चीत पेशंट होता.

"डॉक्टर, लाल ओळी येताहेत."

"कुठून?"

"रखवालदाराच्या फाइलमधून."

"दुखतंय का? तुम्हाला नाही, यांना विचारतोय. ती फाइल काढा बाजूला. बाकीचं बिनबोभाट होईल."

"आणि रखवालदार?"

पलीकडची यंत्राची घरघर थांबली. "नसेल," डॉक्टर म्हणाले. "गाव तर राहील. वहिनींना मी समजावतो."

मी मागे पाहिलं. वहिनी, म्हणजे माझी आई, दारात उभी होती. तिने बाहेर जायचे कपडे घातले होते.

मी फाइल काढली नाही, उघडली. दारात माणूस आल्याची वर्दी द्यायची पद्धत खेळाने बदलली होती, आणि बाबांचा रखवालदार जुन्या वर्दीची वाट पाहत बसला होता. वर्दीच्या ओळीखाली माणसांची नावं आणि त्यांची वाक्यं होती. आईचं नाव डोळ्यांच्या कडेला दिसलं. मी पडद्याच्या खालच्या भागावर तळहात ठेवला आणि एका हाताने वरची ओळ नव्या पद्धतीत बसवली. समोरचा मजकूर मुद्दाम न वाचणं किती अवघड असतं, हे मला कुणी विचारावं.

पुन्हा आज्ञा. लाल. एक कंस मिटायचा राहिला होता. पुन्हा आज्ञा. पांढरं, पांढरं, पांढरं. 'चाचण्या सुरू,' असं पडद्यावर आलं.

"झालंच," मी आईला म्हटलं, आणि फोन वाजला. काका होते.

"गाव कुठाय?"

"कुठे म्हणजे?"

"सर्व्हर चालू दिसला म्हणून आत आलो. नुसतं माळरान आहे इथे. वेस नाही, टाकी नाही, पूल नाही. दादाचं गाव पुसलंस काय गं?"

"काका, हळू बोला."

"वहिनींना एवढ्यात सांगू नकोस."

"ऐकलं मी," आई म्हणाली.

तेवढ्यात खात्यातली मंडळीही आत येऊन थडकली होती. काकांनी मला त्यांच्या सामायिक फोनवर घेतलं. पाणीपुरवठ्यातली माणसं ती; संकटात रडायचं त्यांना शिकवलेलंच नाही, खणायचं शिकवलंय. त्यांनी गाव आठवणीतून पुन्हा बांधायला घेतलं होतं.

"टाकी शाळेच्या डावीकडे."

"उजवीकडे. तिथला व्हॉल्व्ह मी बसवलाय."

"तो गळायचा. साहेब रोज बदलायचे, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाहीत."

"वेस आधी घ्या रे, वहिनी यायच्यात."

"वेस माझ्याकडे," हा डॉक्टरांचा आवाज. "भूल चढेपर्यंत मोकळा आहे मी."

मी सगळं बंद करायला हात पुढे केला. आईने तो धरला.

"थांब," ती म्हणाली. "ते बांधताहेत."

आम्ही दोघी पडद्याकडे बघत राहिलो. ओळी सरकत होत्या. आणि मग फोनवरचे सगळे आवाज एका झटक्यात थांबले. पडद्यावर नवी ओळ होती. तिच्या शेवटी होतं, 'जग पुसले'.

आईचा हात माझ्या खांद्यावर आला. आधार द्यायला की घ्यायला, कळलं नाही.

"सबंध ओळ वाच," ती म्हणाली.

मी वाचली. 'चाचणी यशस्वी. तात्पुरते जग पुसले.'

जोडव्यवस्थेने स्वतःला तपासून बघायला एक कोरं जग मांडलं होतं, बाबांच्याच पत्त्यावर, आणि काम होताच मोडलं होतं. तसं सूचनांत लिहिलेलंही होतं. तळटीपेत. बाबांचं गाव शेजारच्या फोल्डरमध्ये जसंच्या तसं होतं.

"म्हणजे आम्ही बांधलं ते गेलं?" काका म्हणाले. "टाकी काय बरोब्बर आली होती."

"डावीकडे आली होती," कुणीतरी म्हणालं.

मी बाबांचा सर्व्हर सुरू केला. या वेळी वेस होती. आई खुर्चीत बसली, बाण दाबत चालू लागली, आधी एका भिंतीवर आदळली, मग गटारात उतरली. काकांनी तिला फोनवरून बाहेर काढलं. रखवालदार तिच्याकडे वळला. मला वाटलं, आता पुन्हा लाल ओळ येणार.

त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली. "आलीस? बस जरा. मी आलोच."

एवढंच. तो जागचा हलला नाही. समोर कुणी उभंच राहिलं की तो थोड्या वेळाने तेच वाक्य पुन्हा म्हणायचा, तशी सोय बाबांनी केली होती. तो पुन्हा म्हणाला. आईने खुर्ची पुढे ओढली आणि हात मांडीवर ठेवले.

"वहिनी, पुलाकडे चला," काका फोनवर म्हणाले. "सगळे खोळंबलेत."

"खोळंबू देत," आई म्हणाली. "आलोच म्हणून हे बाहेर पडायचे, तेव्हा इतकी वर्षं मी काय करत होते?"

पूल दुसऱ्या दिवशी खुला झाला.