कतल्याच्या पोटातली कुपी

एखादी वस्तू थंड कशी ठेवावी, हे अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, असं मी दोन हजार सातच्या मार्चपर्यंत छातीठोकपणे सांगत असे. आता सांगत नाही.

मी तेव्हा गोंदियाच्या एका कॉलेजात संशोधन करत होते. काजव्याच्या पोटात जे प्रथिन दिवा लावतं, ल्युसिफरेज त्याचं नाव, ते आम्ही पेशींमध्ये तयार करून घेत होतो. पण एका पेशीत हजारो प्रथिनं! त्या जत्रेत आपलं काजव्याचं लेकरू ओळखायचं कुणी? त्यासाठी एक प्रतिपिंड विकत मिळतं. मोनोक्लोनल. म्हणजे त्याचा कण न् कण एकाच वळणाचा आणि प्रत्येकाला ओळख एकाच चेहऱ्याची. माझी आई नाही का, तिन्हीसांजेला परतणाऱ्या दीडशे गायींत नुसत्या घुंगरावरून आपली कपिला ओळखते? तसंच!

तीन महिने वाट पाहायला लावून त्या प्रतिपिंडाची कुपी शनिवारी आली. मंगळवारी समितीपुढे निकाल ठेवायचा होता. नाही ठेवला, तर माझं संशोधन बंद आणि ही ओमेश्वरीबाई परत धानाच्या बांधीत!

आणि पाकिटात बर्फच नव्हता! मी कुरिअरवाल्याला असं झापलं की जिन्यावरचं कुत्रंसुद्धा खाली उतरलं.

"मॅडम, मैं डब्बा लाया हूँ, हिमालय नहीं!" तो म्हणाला.

प्रयोगशाळेत बारा तासांचं भारनियमन. घरी फ्रिज होता, पण वीजच नसल्यामुळे त्यात बाबांचे इस्त्रीचे शर्ट आणि सातबारा राहत. आणि माझ्या डोक्यात काजवा चमकला! आमच्या गावाशेजारी बोदलकसा तलाव. तिथे उदारामकाकांची मासळीची पेटी, त्यात रोज ताजा बर्फ! कुपी मी घाईघाईनं प्लास्टिकच्या तीन पन्न्यांत गुंडाळली, वर रबर चढवले आणि काकांच्या बायकोच्या, धुरपताकाकूंच्या, हातात दिली.

"काकू, ही माझी जिंदगी आहे. थंड ठेवा."

"एवढुशी? बरं. तू जाय वं पोरी. माह्या पेटीत गेलेली चीज गरम झाली, असं आजवर झालं नाही!"

रविवारी सकाळी आपली सहज नजर टाकायला गेले, तर पेटी धुऊन उन्हात पालथी घातलेली!

"काकू! कुपी?"

"कतल्याच्या पोटात!" काकूंचा चेहरा अभिमानानं फुलला. "पेटीत सगळ्यात थंड जागा तेच. पोट साफ करून आमी तिथंच बर्फ ठासतो. मंग बर्फासंगं तुही जिंदगीबी ठासली."

"आणि तो कतला मासा?"

काकूंचा हात तोंडावर गेला. "माय वं! यायनं सकारीच तिरोड्याच्या बजाराले नेला ना!"

भाऊ खुमेंद्र, त्याची मोटारसायकल आणि मी तिरोड्याला पोचलो, तेव्हा उदारामकाका रिकाम्या तराजूवर पाणी मारत होते.

"काका, कतला कुठाय?"

"इकला."

"कुणाले?"

"तुह्याच बापाले! जीवनलालभाऊनं भावबी नाही केला. म्हने, पोरीची मंगरवारी परीक्षा आहे, कतल्याचं डोस्कं खाल्लं का डोस्कं चालते. पन तू कायले रडून राहिली?"

घरी पोचलो. आई तुलसाबाई अंगणात पावशीवर, म्हणजे विळीवर, बसलेली, कतल्याचं मुंडकं परातीत वेगळं.

"आई, थांब!"

"थांबू कायले? चिरून झाला."

"पोटात काय होतं?"

"पन्नी निघाली. आता मासोऱ्याबी पन्न्या खाऊन राहिल्या बाप्पा! फेकली उकिरड्यावर."

"त्यात माझी कुपी होती!" मी ओरडले. बाबा बाहेर आले. अंगात फ्रिजमधला इस्त्रीचा शर्ट.

"केवढी आहे?" त्यांनी एवढंच विचारलं.

"बोटाच्या पेराएवढी."

ते तसेच उकिरड्यात उतरले, गुडघ्यापर्यंत. हिरव्यागार बांधीतून धानासारखंच दिसणारं करग्याचं तण अचूक उपटणारी ती बोटं, शेण, राख, खवले एकेक बाजूला सारत राहिली. पुढे खुमेंद्र, मागे आई, आणि मी नुसती रडत. अर्ध्या तासानं बाबांनी पन्नी शर्टाला पुसली.

"घे, तुही जिंदगी. पुढच्या वेळी जरा मोठ्या डब्यात ठेवजो, मायबाई!"

सोमवारी बर्फानं भरलेला थर्मास मी माझ्या मार्गदर्शक मॅडमपुढे ठेवला आणि डोळ्यांत पाणी आणून सगळी कहाणी सांगितली. मॅडमनी नाकाला रुमाल लावला, पन्न्या सोडल्या, कुपी कानाशी हलवली.

"ओमेश्वरी, लेबल वाचलंस?"

"नाही मॅडम. वेळ कुठे होता?"

"ही कोरडी पूड आहे! पाणी घालेपर्यंत साध्या हवेत महिनाभर खुशाल राहते. म्हणून तर त्यांनी बर्फ पाठवला नाही!"

मंगळवारी हजारो प्रथिनांच्या गर्दीत फिल्मवर एकच काळी रेघ उमटली, आमच्या काजव्याच्या लेकराची, काजळाच्या बोटासारखी. समितीनं मान डोलावली. माझं संशोधन वाचलं. कुरिअरवाल्याची मी माफी मागितली. बाबा अजून गावभर सांगतात, पोरगी कतल्याच्या डोक्यानं पास झाली. मी खाली मान घालून ऐकते. काय सांगू? त्या सगळ्या धावपळीत बर्फाची खरी गरज होती, ती एकट्या कतल्यालाच!