दार लावून घेतलेलं माप

मोजणीदारांनी आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर लाकूड कापायचं एक जुनं मशीन घेतलं. कारण काय, तर बायकोला स्वयंपाकघरात एक फळी हवी होती. हातकरवतीने ती संध्याकाळपर्यंत झाली असती. पण हातकरवत माळ्यावर गेली आणि बंद पडलेल्या कारखान्यातलं ते धूड अडगळीच्या खोलीत आलं.

खोली एवढीशी. मोजणीदारांनी मशीनचे पाय कापले, टेबल एका बाजूने छाटलं, फडताळाला अडतंय म्हणून पात्यावरचं झाकणही काढलं. बटण नेलं पलीकडच्या भिंतीकडे. हे उद्योग बायकोला दिसू नयेत म्हणून काम नेहमी दार लावून चालायचं. त्या दातेरी पात्याची भीती खरं तर त्यांनाही वाटायची, पण ती कबूल करण्यापेक्षा पाना फिरवणं सोपं होतं.

बायकोचं एकच म्हणणं होतं. "फळी नाही झाली तरी चालेल. बोटं तेवढी दहाच्या दहा बाहेर आणा."

मशीन जमिनीला बोल्टने आवळून झालं. पाना बटणाच्या भिंतीकडे ठेवून मोजणीदारांनी पात्यावरून हात लांबवला आणि बटण दाबलं. पातं असं काही गरगरलं, की हात कसाबसा मागे आला. मग त्यांच्या लक्षात आलं, की बंद करायलाही हात तिथूनच न्यायचा आहे.

त्यांनी दार ओढलं. ते आत उघडणारं. चार बोटं उघडलं आणि मशीनच्या टेबलाला अडलं. एकूण एक माप दार लावून घेतलेलं होतं.

"अगं, ऐकतेस का?"

"झाली फळी?"

"मेन बंद कर."

"मेन तुमच्याच खोलीत आहे ना. पलीकडच्या भिंतीवर."

मोजणीदारांनी वळून पाहिलं. समोर एका बोल्टचा नट थरथरत वर वर सरकत होता. तो निघाला की मशीन कोणाच्या अंगावर येणार, हे उघड होतं.

"बोटं आहेत ना हो?" बायकोने फटीतून विचारलं.

"आत्तापर्यंत आहेत."

गीझर आणि इस्त्री एकदम लावली की या घरात फ्यूज उडायचा. त्यावरून मोजणीदारांनी बायकोला वर्षानुवर्षं बोल लावले होते. ती धावली. गीझर लावला, इस्त्री लावली, रिकामा मिक्सरही फिरवला. इकडे नट टपकन खाली पडला, मशीन कललं आणि मेनमध्ये फाटकन आवाज झाला. पातं रेंगाळत थांबलं.

"आता बोल्ट सोडवा आणि या बाहेर," फटीतून बायको म्हणाली.

"पाना पात्याच्या पलीकडे आहे."

"मग घ्या की. वीज गेलीये."

"परत आली तर?"

फ्यूज त्यांच्या डोळ्यांसमोर काळा पडला होता. वीज येणार नाही हे त्यांना कळत होतं, हाताला कळत नव्हतं. बायकोलाही धीर झाला नाही. ती गेली आणि माळ्यावरची हातकरवत तिने फटीतून आत सरकवली.

"त्या पात्याकडे बघूसुद्धा नका. दार कापा."

संध्याकाळी दाराचा खालचा तुकडा सुटला आणि मोजणीदार रांगत बाहेर आले. बायकोने आधी त्यांची बोटं मोजली. दहा भरली तरी पुन्हा मोजली. मग पदराने डोळे पुसून तो तुकडा उचलला आणि आत गेली.

"अहो," स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "फळी बरोबर बसतेय."