होल्डवाले बबनमामा

सख्ख्या पुतण्याच्या लग्नात, भटजी मंगलाष्टकं ऐन रंगात म्हणत असताना, "होल्ड!" अशी आरोळी ठोकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे बबनमामा. अंतरपाट तसाच राहिला, अक्षता मुठीत राहिल्या, आणि मामा मांडवाचा खांब गदागदा हलवत उभे! "ह्यो बोल्ट ढिला हाय. कुटं हाय तो मांडववाला?" मुहूर्त टळतोय म्हणून नवरीच्या मामाने बोंब ठोकली, तर म्हणाले, "मुहूर्त दुसरा मिळंल पाव्हणं, टकुरं न्हाई मिळायचं." पाना आला, बोल्ट आवळला गेला, मामांनी स्वतः खांबाला लोंबकळून पाहिलं आणि मग भटजींना हात केला, "हां, म्हणा आता."

हे मामा माझे नात्याने कोणी नाहीत. पिरंगुटजवळच्या आमच्या कारखान्यात सगळेच त्यांना मामा म्हणतात. आम्ही दुचाकीच्या ब्रेकमधली एक बोटाएवढी पिन बनवतो. मी प्रॉडक्शनला सुपरवायझर, मामा क्वालिटीत. म्हणजे मी बनवायचं आणि त्यांनी 'होल्ड' म्हणून अडवायचं. अशा दोघांचं पटावं कसं, सांगा!

त्यात मामांचं दोन शब्दांशी हाडवैर. अख्खा मुळशी तालुका 'चालतंय की' या दोन शब्दांवर चालतो. चहा गार आलाय? चालतंय की. हिंजवडीला ट्रॅफिकमध्ये तास गेला? चालतंय की. मामांपुढे मात्र हे तोंडातून गेलं की मेलात. "चालतंय म्हंजी काय रं? गाडी चालती, मानूस चालतंय. पिन बसती, न्हाईतर बसत न्हाई."

ती बसते की नाही हे ठरवायला मामांकडे एक पोलादी रिंग असते. पिन तिच्यातून अलगद गेली तर पास, अडली तर जाड आहे, ब्रेक अडकवेल, बाजूला. इतरांसाठी तो गेज, मामांसाठी 'माजं कडं'. ते रोज मऊ फडक्याने पुसायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. कंपनीची सहल लवासाला गेली तेव्हा आम्ही तळ्याकाठी फोटो काढायला धावलो, तर मामा पुढे होऊन कठड्याला रेटे देतायत! "हां, टेका आता," असा हुकूम झाल्यावर आमचा ग्रुप फोटो निघाला.

हसतो आम्ही, पण ती खुर्ची मला कुणी फुकट दिली तरी नको. महिनाअखेर आली की गिऱ्हाइकाचा फोन, साहेबांचा फोन, गेटवर हॉर्न वाजवणारा ड्रायव्हर, आणि "मामा, सोडा ना" म्हणून मानगुटीवर बसलेला मी. माल चांगला गेला तर मामांचं नाव कुणी काढत नाही. वाईट गेला तर मामांशिवाय दुसरं नाव निघत नाही.

गेल्या महिनाअखेरीचंच सांगतो. मामांचं कडं लॅबमध्ये तपासायला पाठवायचं होतं. वापरून वापरून तेही आतून घासतंच. मामा ते घेऊन निघालेही होते. आमचे प्लँट मॅनेजर नाईक साहेब म्हणाले, "मामा, एवढा महिना जाऊ द्या, मग पाठवू." मीही री ओढली. लग्नात भटजीचं न ऐकणाऱ्या माणसाने तेव्हा काय म्हणून आमचं ऐकलं, देव जाणे.

ट्रक भरला, ताडपत्री बांधून झाली, आणि त्याच दिवशी स्टोअरमध्ये नवं कडं आलं. मामांनी सहज पास झालेली पिन त्यात घालून पाहिली. जाईना. दुसरी घातली. तीही अडली. मी शेजारीच होतो. मामांनी तीच पिन जुन्या कड्यात घातली, ती अलगद गेली. जुनं कडं घासून मोठं झालं होतं आणि त्यातून जाड पिना बिनबोभाट पास होत होत्या. आजच्याच नव्हे, आधी गेलेल्या मालातल्यासुद्धा.

मामा तडक गेटवर गेले आणि सुरू झालेल्या ट्रकपुढे उभे राहिले. "होल्ड!"

नाईक साहेब धावत आले, मामांच्या कानाशी लागले. "अहो, कुणाला कळलंय?"

"मला," मामा म्हणाले.

मग व्हायचं ते झालं. गिऱ्हाइकाचे साहेब येऊन बसले. कडं वेळेवर का नाही पाठवलं, असा सवाल आला. नाईक साहेब टेबलाकडे बघत राहिले. मीही. मामा उठले. "माज्याकडनं ऱ्हायलं, सायेब. ध्यानातच आलं न्हाई." आमची नावंसुद्धा घेतली नाहीत बाबाने! निवृत्ती तोंडावर आलेली, आणि त्यांची तपासणीची जागा काढून घेतली, परत आलेल्या मालाची निवड करायला बसवलं.

त्या निवडीपायी सगळ्यांचे रविवार गेले. कारखान्यातली पोरं चिडली. "गप बसायला काय झालं होतं म्हाताऱ्याला?" कँटीनमध्ये मामांशेजारी कुणी बसेना. मग मामाच कँटीनमध्ये दिसेनात.

परवा जेवणाच्या सुट्टीत डब्यातली चटणी स्कूटरच्या डिकीत राहिली म्हणून मी पार्किंगमध्ये गेलो. भर उन्हात मामा माझ्याच नव्या स्कूटरशी उकिडवे बसलेले, हात काळे, शेजारी फडक्यावर तपासलेल्या पिना. पोरांनी हल्ली घेतलेल्या नव्या गाड्यांमधल्या पिना एकेक करून ते बदलत होते. ज्यांनी बोलणं टाकलं होतं, त्यांच्याच गाड्यांमधल्या.

"मामा, हे काय?"

"ह्येच्यात बी आपलीच पिन हाय न्हवं," ते मान वर न करता म्हणाले. "तुजी बारकी म्होरं उभी ऱ्हाती ना रं, शाळंत जाताना?"

मामांनी सांगितलं तसा मी ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"हां. जा आता, जेवून घे."

"आणि तुम्ही?"

"ती रांग ऱ्हायलीया अजून."

मी आत जाऊन माझा डबा घेतला. कँटीनच्या दारातून पोरांना हाक मारली, "डबे घेऊन पार्किंगमध्ये या रे!" मग पुढच्या गाडीपाशी मामांसमोर बसलो, आणि त्यांचे हात काळे होते म्हणून पहिला घास मीच त्यांच्या तोंडात घातला.